सोयीचं नाही

सुट्टीत मेहकरला आलं, की मंजुश्रीला पहिले काही दिवस एकच काम असायचं. लोकांना चिनी बोलून दाखवायचं. किराणा दुकानात, लग्नाच्या पंगतीत, बाबांच्या डेपोत, कुठंही कुणीतरी म्हणायचंच, "बोल ना वं काहीतरी." ती बोलली की हशा पिकायचा. मग कुणीतरी तो ठरलेला विनोद करायचा : "चायनाचा माल टिकत नाई म्हणते बाप्पा, हिचं शिक्षण टिकन काय?" प्रत्येकाला वाटायचं, हा विनोद आपणच पहिल्यांदा केला.

पहिली दोन वर्षं ती हसली. नंतर तिनं हसणं सोडलं. आता ती सरळ विचारायची, "यात हसण्यासारखं काय हाय?" आणि लोक म्हणायचे, प्रेमानंदची पोरगी दिल्लीत जाऊन गरम डोक्याची झाली.

ती गरम डोक्याची आधीपासूनच होती. प्रेमानंद एसटीत कंडक्टर. पावसाळ्यात, वर्षावासाच्या दिवसांत, ते संध्याकाळी तिला विहारात घेऊन जायचे. तिथं एकदा एक भंतेजी आले होते. बुद्धाची वचनं शिकायला चीनमधून भिक्षू वाळवंट तुडवत, बर्फाचे डोंगर ओलांडत इकडं कसे आले, वर्षानुवर्षं राहून इथली भाषा कशी शिकले, ते त्यांनी सांगितलं. सातवीतल्या मंजुश्रीनं उठून विचारलं होतं, "त्यायनं आपली भाषा शिकली, मग आपण त्यायची काऊन नाई शिकलो?" भंतेजी हसले होते. ती हसली नव्हती. बारावीनंतर तिनं दिल्लीच्या विद्यापीठात चिनी भाषेसाठी अर्ज केला, तेव्हा टीव्हीवर लोक चिनी वस्तू फोडत होते. सगळे नातेवाईक म्हणाले, विषय बदल. तिनं बदलला नाही.

दिल्लीत वेगळं हसणं होतं. तिच्या हिंदीत वऱ्हाडी शिरायची आणि वर्गातली पोरं तोंडावर हात धरायची. चिनी मात्र सगळ्यांनाच सारखी नवी होती. एकच अक्षर चार सुरांत चार अर्थांचं होतं. ती वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन ते सूर घशातून काढायची, चुकली की स्वतःवरच चिडायची, पुन्हा काढायची. एम.ए.ला येईपर्यंत दुभाष्याच्या पेपरात तिच्या पुढं कुणी उरलं नव्हतं. प्रबंधासाठी तिनं त्याच जुन्या भिक्षूंची प्रवासवर्णनं घेतली होती. तिच्या मॅडम खूश होत्या.

त्या उन्हाळ्यात ती घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी शंकररावांचं बोलावणं आलं.

शंकरराव मेहकरातले बडे व्यापारी. हिवरा आश्रमच्या रस्त्याला त्यांचा पशुखाद्याचा कारखाना होता. मंजुश्रीला दिल्लीत प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनीच शाल-नारळ देऊन तिचा सत्कार केला होता, पेपरात फोटोही दिला होता. आता त्यांनी चीनहून एक मशीन मागवलं होतं. सरकीची ढेप, भुसा आणि मक्याचा भरडा त्यात टाकला की दाबून त्याच्या गोळ्या बाहेर पडायच्या. त्यावर मंजुश्रीच्या वस्तीतल्याच बाया कामाला होत्या. तिची शेजारीण सिंधूमावशीही त्यांत होती. आई अंगणवाडीत मदतनीस होती, त्यामुळं लहानपणी मंजुश्रीचं दुपारचं जेवण बहुतेक सिंधूमावशीच्याच घरी झालेलं.

मशीनच्या तोंडावर जाड लोखंडी झाकण होतं. झाकण उघडलं की मशीन आपोआप थांबायचं. माल जरा ओला असला की आत चिकटायचा. मग झाकण उघडा, हातानं साफ करा, झाकण लावा, पुन्हा चालू करा. दिवसातून कितीदा तरी.

"त्या चिनी इंजिनिअरले फोन लावून देतो," शंकरराव म्हणाले. "त्याले इचार, झाकण उघडं ठिवून मशीन चालवता येते काय? थे झाकणाचं स्विच काढून टाकतो मी. दर घडीले थांबते, धंदा बसते माहा."

व्हिडिओ कॉलवर इंजिनिअर आला. ल्यांग त्याचं नाव, चाळिशीचा, चष्मेवाला. मंजुश्रीनं नमस्कार-चमत्कार केले, मग प्रश्न विचारला. ल्यांगच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यानं दातांतून श्वास आत ओढला आणि मान जराशी कलती करून म्हणाला, "खोंगफा बू थाय फांगप्येन."

"नाई म्हणून राह्यला," मंजुश्री म्हणाली.

"एवढं लंबं बोलला आन् तू येकच शब्द सांगतं? शब्दाले शब्द सांग."

"शब्द असे हायेत काका : बहुतेक फारसं सोयीचं होणार नाई. पण ते लोक तोंडावर नाई म्हणत नाईत. समोरच्याले कमीपणा येते म्हणून असं बोलतात. याचा अर्थ नाईच होते."

शंकरराव मोठ्यानं हसले. बाजूला कारखान्याचा फिटर कचरू उभा होता, त्याच्याकडं पाहून म्हणाले, "सोयीचं नाई म्हणते! अबे, आपण कधी सोय पाह्यली बे? गैरसोय झाली त होऊ दे."

"काका, तो नाई म्हणाला," मंजुश्रीनं आवाज चढवला. "आतमधी रोलर फिरते. स्विच काढू नका."

"हाव हाव. समजलं."

तिनं ल्यांगला पुन्हा विचारलं. तो पुन्हा तेच म्हणाला, फक्त आणखी हळू आवाजात. माल कोरडा करून टाका, असाही सल्ला त्यानं दिला. तोही तिनं सांगितला. शंकररावांनी तोवर फोनकडं पाठ केली होती.

आठवडाभरानं भरदुपारी वस्तीत आरडाओरडा झाला. सिंधूमावशीची पोरगी मनाली अनवाणी रस्त्यानं पळत होती. मंजुश्री तिच्यामागं पळाली. सरकारी दवाखान्याच्या दारात ओळखीच्या बाया उभ्या होत्या. कुणाच्या अंगावर भुसा, कुणाच्या लुगड्यावर रक्त. चिकटलेला माल काढायला मावशीनं हात घातला आणि रोलर फिरतच होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली. तिला अकोल्याला हलवायचं ठरलं होतं.

"झाकण उघडलं त मशीन बंद होते ना?" मंजुश्रीनं तानुबाईला विचारलं. तानुबाई मावशीच्याच पाळीत काम करायची.

"कायची बंद! कचरूनं स्विचले तार जोडून देल्ली व्हती. चार-पाच दिवसापासून उघड्यावरच चालू व्हती."

मंजुश्रीला रडू आलं नाही. कानशिलं तापली. ती तशीच रिक्षा करून कारखान्यात गेली. मशीनजवळची जागा धुऊन काढलेली होती. झाकणाजवळ कचरू बसला होता, पान्हा हातात, आणि तार नव्हती.

"तार कुठं हाय, कचरूभाऊ?"

"मले काही इचारू नको, पोरी," तो म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

संध्याकाळी प्रेमानंद ड्युटीवरून आले तेच काळवंडलेला चेहरा घेऊन. बॅग खाली ठेवून म्हणाले, "डेपोत लोक काय म्हणून राह्यले माहीत हाय? तू चुकीचं सांगतलं म्हणे. चिनी माणसानं चालते म्हटलं, असं तू सांगतलं म्हणे, म्हणून शंकररावनं स्विच काढलं."

"कोण म्हणलं?"

"सगळेच म्हणतात. शंकररावच सांगून राह्यला."

मंजुश्री उठली. आईनं तिचा हात धरला. "तू दिल्लीले जाय. दोन दिवसानं लोक इसरतीन."

"मावशीचे बोटं इसरन का कोणी?"

"तुहं शिक्षण राह्यलं अजून..."

"माह्या शिक्षणाचंच नाव घेतलं ना त्यायनं!" ती ओरडली. "पाच वर्षं हसले माह्यावर. आता माह्याच माथ्यावर खापर फोडून राह्यले, आन् मी जाऊ?"

प्रेमानंदांनी पुन्हा चपला घातल्या. "चाल, मीबी येतो," एवढंच म्हणाले.

शंकरराव ऑफिसात होते. त्यांचा मुलगा शेखरही होता. मंजुश्री खुर्चीवर बसली नाही.

"मी नाई म्हटलं होतं, काका."

"तू म्हटलं, सोयीचं नाई. कचरूनं आयकलं, मी आयकलं."

"अर्थ सांगतला होता मी! स्विच काढू नका, असं स्वच्छ मराठीत सांगतलं होतं."

"पाह्य पोरी," शंकरराव शांतपणे म्हणाले. त्या शांतपणानं तिचं डोकं आणखी फिरलं. "मी गाडी करून सिंधूले अकोल्याले पाठवलं. दवाखान्याचं मी पाहून राह्यलो. तू शिकाऊ हाय. चुका होतात. कोणी तुले फाशी नाई देऊन राह्यलं. मी तुह्या अंगावर शाल टाकली व्हती, ध्यानात ठेव. खाल्ल्या मिठाले जाग."

"मीठ कुठं देलं? नारळ देला होता तुम्ही," मंजुश्री म्हणाली. "आन् तो मी विहारात फोडून वाटून टाकला."

शेखर उठून उभा राहिला. प्रेमानंद दोघांच्या मध्ये आले आणि तिला दंडाला धरून बाहेर घेऊन गेले. रस्त्यात ते म्हणाले, "त्याले बोलली ते बरं केलं. पण सरकारी माणसापुढं बोल आता."

प्रेमानंदांनी स्वतः बुलडाण्याला जाऊन कामगार खात्यात तक्रार दिली. दरम्यान तिनं दिल्लीला मॅडमना फोन केला. विभागाकडून कुणी त्या वाक्याचा अर्थ सांगितला तर शंकररावांचं तोंड बंद झालं असतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. "वाईट झालं," त्या म्हणाल्या. "पण मंजुश्री, विभागाचं नाव यात आणू नकोस. आधीच लोक आपल्याकडं संशयानं पाहतात. आणि तुझा विषय प्राचीन प्रवासवर्णनं आहे. कारखान्यांच्या भानगडीत कशाला पडतेस?"

"मॅडम, वाक्य तुम्हीच शिकवलं होतं. नकार कसा ओळखायचा, याच्या तासाला."

"ते परीक्षेपुरतं होतं," मॅडम म्हणाल्या. मंजुश्रीनं निरोप न घेताच फोन ठेवला.

कामगार खात्याचे निरीक्षक आले ते एका सकाळी. कारखान्याच्या ऑफिसात टेबलामागं बसले. समोर शंकरराव, शेखर, एका बाजूला मंजुश्री आणि प्रेमानंद. दाराशी बाया गोळा झाल्या होत्या. निरीक्षकांनी झाकण पाहिलं होतं, स्विच जागेवर होतं, तार नव्हती. कचरूनं "मले माहीत नाई" एवढंच सांगितलं होतं. आता प्रश्न होता कंपनीनं काय सांगितलं याचा.

"मी बोलते त्यांच्याशी," मंजुश्री म्हणाली.

"तुम्ही नाही," निरीक्षक म्हणाले. "तुमच्यावरच आरोप आहे. तुम्ही सांगाल ते कसं धरायचं?"

शेखर म्हणाला, मोबाईलमध्ये भाषांतराचं अॅप आहे, मराठीत बोललं की चिनीत आवाज येतो आणि चिनीचं मराठी होतं. निरीक्षकांना ते पटलं. मंजुश्रीला गप्प बसायला सांगून एका फोनवर ल्यांगला कॉल लावला, दुसऱ्यावर अॅप चालू केलं.

निरीक्षकांनी विचारलं, "झाकण उघडं ठेवून मशीन चालवायला तुम्ही परवानगी दिली होती का?"

ल्यांग आज हसत नव्हता. खोलीत एवढी माणसं पाहून तो घाबरलेला दिसला. तो एकेक शब्द तोलून बोलला. मग अॅपमधली बाई थंड, खणखणीत आवाजात म्हणाली, "माननीय ग्राहकाने विचारले होते. मी म्हणालो की मला भीती वाटते ते फारसे सोयीचे नाही."

शंकररावांनी टेबलावर थाप मारली. "आयका साहेब! भीती वाटते, सोयीचं नाई. कुठं म्हणला थो, करू नका म्हणून? या पोरीनं जसं सांगतलं तसं मी केलं."

निरीक्षकांनी मान हलवली. "म्हणजे स्पष्ट मनाई नव्हती," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

मंजुश्री उभी राहिली. निरीक्षक "बसा" म्हणाले, ती बसली नाही. तिनं टेबलावरचा फोन आपल्याकडं वळवला आणि चिनीत बोलायला सुरुवात केली. पाच वर्षांच्या पुस्तकांत चहा मागायचा धडा होता, माफी मागायचा होता, पाहुण्याला जेवायचा आग्रह करायचा होता. रागवायचा धडा कुठंच नव्हता. तिचे सूर चुकले, वाक्यं तुटली, पण ती थांबली नाही.

"ल्यांग साहेब, तुम्हाला यांनी सांगितलं का, काय झालं ते? या मशीनमध्ये एका बाईची तीन बोटं गेली. उजव्या हाताची. ती माझी मावशी आहे. तुम्ही सभ्यपणे बोललात आणि यांनी त्याचा हवा तो अर्थ काढला. आता इथं सगळे म्हणतायत की तुम्ही परवानगी दिली. आज सभ्यपणा करू नका. हो की नाही, तेवढं सांगा!"

ती बोलत असताना अॅपमधली बाई मागून मराठीत तेच फोडून सांगत होती. दाराशी उभ्या बायांनी पदर तोंडाला लावले.

ल्यांगनं चष्मा काढला. "तीन बोटं?" तो म्हणाला. "मला कुणीच काही सांगितलं नाही. कुणीच नाही." तो क्षणभर बाजूला पाहत राहिला, बहुधा कंपनीच्या कुणाकडं तरी. मग फोनच्या अगदी जवळ येऊन ओरडल्यासारखं बोलला. त्याचं बोलणं संपल्यावर अॅपची बाई तिच्या त्याच थंड आवाजात म्हणाली :

"नाही. अजिबात नाही. तसे करण्यास सक्त मनाई आहे. मी त्या दिवशी दोनदा नाही म्हणालो. त्या मुलीला ते समजले होते."

निरीक्षकांनी लिहिलेलं खोडलं. दारातून कचरू आत आला. मालकाकडं न पाहता, भिंतीकडं पाहत म्हणाला, "तार मीच जोडली, साहेब. मालकानं सांगतलं म्हणून. काढली थेबी मालकानंच सांगतलं म्हणून."

मशीनला सील लागलं. शंकररावांवर खटला भरायचं ठरलं. पुढं तारखा पडत राहतील, हे सगळ्यांना माहीत होतं. मंजुश्रीला वाटलं होतं, आज तरी डोकं शांत होईल. ते झालं नाही.

उलट तिसऱ्या दिवशी नळावर तानुबाईनंच तिला अडवलं. "तुहं नाव निंघालं मोठं. आमची मजुरी बंद पडली त्याचं काय? तुह्या चिनीनं आमचे हात बंद केले."

"तुमचे हात जाग्यावर हायेत, मावशी," मंजुश्री म्हणाली.

"पोट काय कागदावर भरते?"

मंजुश्री चिडून घरात आली, घागर आपटली. तेवढ्यात बाहेर दुसराच आवाज चढला. आदल्या रात्री अकोल्याहून परत आलेली सिंधूमावशी दारातून बाहेर आली होती. हाताला कोपरापर्यंत पांढरी पट्टी. चेहरा उतरलेला, पण आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जाईल असा.

"तानु, तिले काय बोलतं? मजुरी बंद कोणं केली? पोरीनं? कारखाना काय पोरीचा हाय?" ती तानुबाईच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. "तार लावली थ्या दिवशी तूबी व्हती, मीबी व्हती. दोघी चूप राह्यलो. म्या त भोगलं. आता तू त्याच्या दारात जाय आन् त्याले इचार, आमची बुडाली थे मजुरी कोण देते. येतं काय? मी येतो तुह्यासंग."

तानुबाई गोंधळली. "मी येकटी काय..."

"येकटी कायले? मनाली, घराले कडी लाव. मंजू, निंघ बाहीर."

त्या दुपारी हिवरा आश्रमच्या रस्त्यानं वस्तीतल्या सगळ्या बाया चालत गेल्या. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. शंकरराव गेटवर आले, त्यांनी समजावलं, दरडावलं, खटल्याचं निमित्त सांगितलं. बाया हलल्या नाहीत. मंजुश्री मागं उभी होती. तिला एक शब्दही बोलावा लागला नाही. संध्याकाळपर्यंत शंकररावांनी बंद दिवसांची निम्मी मजुरी कबूल केली. निम्मीच. सिंधूमावशीनं तिथंच सांगितलं, उरलेली घेतल्याशिवाय सोडत नाही.

मंजुश्री दिल्लीला परतली, ती मॅडमच्या खोलीतच गेली. प्रबंधाचा विषय बदलून हवा होता. चिनी कंपन्यांचे लोक आणि इथले कारखानदार एकमेकांशी बोलतात, तेव्हा नकाराचं काय होतं, हा विषय.

मॅडम म्हणाल्या, "यात संस्कृती कुठं आहे? आपला विभाग भाषा आणि संस्कृतीचा आहे."

"नाही म्हणायची पद्धत ही संस्कृती नाही, मॅडम? ती न कळल्यानं, किंवा कळूनही न कळल्यासारखं केल्यानं, एका बाईची तीन बोटं गेली."

"तू अजून रागात आहेस. शांत झालीस की बोलू."

"मी शांत होणार नाही," मंजुश्री म्हणाली. "तुम्ही रागातच बोला माझ्याशी."

मॅडमनी मान हलवली आणि समोरचे पेपर तपासायला घेतले. मंजुश्री बाहेर पडली, जिना चढून वरच्या मजल्यावर गेली. तिथं चीनच्या उद्योगांचा अभ्यास करणारे दुसरे प्राध्यापक बसायचे. त्यांची तिची ओळख नव्हती. तिनं दार वाजवलं आणि आतून "या" ऐकू यायच्या आधीच ते ढकललं.